‘ती’ कोण? : मावळांतील दोन दिवस

लोणावळ्याविषयीं आतां नवें तें काय लिहावयाचें, असें वाचक म्हणतील, आणि तें खरेंच आहे. धुकें, बोगदे, चिक्की आणि भुशीच्या बांधावरील गर्दी यांचें वर्णन आजवर इतक्या लेखण्यांनीं केलें आहे कीं, त्यांत आम्हीं भर घालण्याचें कारण नाहीं. भुशीकडे तर आम्ही फिरकलोंच नाहीं. आमच्या सहलीचें निमित्त निराळें होतें. घरांतील दोन वडील माणसें वर्षभर एकमेकांशीं धड बोलत नव्हतीं; त्यांना एका गाडींत, एका छत्रीखालीं आणि साधल्यास एका विषयावर आणून बसवावें, एवढाच हेतु होता. त्यांच्या अबोल्याचें कारण जमीन नव्हती, दागिने नव्हते; तें एक गाणें होतें.

हीं दोन माणसें म्हणजे आमचे थोरले बंधू, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, आणि आमचे धाकटे बंधू. दादांनीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविलें, धाकटे इंजिनियर. दोघेहि सत्तरीच्या आगेमागें, दोघेहि नातवंडांचे आजोबा. गेल्या श्रावणांत आईचें वर्षश्राद्ध झालें. त्या संध्याकाळीं आप्तमंडळी तिच्या तसबिरीपुढें बसली असतां धाकट्यांनीं मोबाईलवर कवि ग्रेस यांचें ‘ती गेली तेव्हा’ हें गीत लावलें. दोन ओळी झाल्या नसतील तोंच दादा उठले आणि “हें शृंगाराचें गाणें आईपुढें नको,” असें म्हणून त्यांनीं तें बंद करविलें. धाकटे त्या वेळीं कांहीं बोलले नाहींत. पुढें मात्र बोलेनासेच झाले. दिवाळीस एका पंक्तीला बसत, पण मीठ हवें तर तें आमच्यामार्फत मागत.

ग्रेस म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे. जन्म १९३७, निधन २०१२, कर्मभूमि नागपूर. ‘संध्याकाळच्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७ सालीं निघाला; त्यामागून १९७४ त ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ व १९७७ त ‘चंद्रमाधवीचे प्रदेश’. दुर्बोधतेचा आरोप त्यांनीं जन्मभर सोसला, आणि तरी त्यांचीं गाणीं घरोघर पोंचलीं. हा गुण त्यांच्या शब्दांचा कीं हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींचा, हा वाद आज नको. ज्या गाण्यानें आमच्या घरांत फूट पाडली त्याची चालहि हृदयनाथांची आणि गळाहि त्यांचाच. त्यांत पाऊस आहे आणि निघून गेलेली एक ‘ती’ आहे. ही ‘ती’ कोण? रसिकांत उघड उघड दोन पंथ आहेत. एक म्हणतो प्रेयसी, दुसरा म्हणतो आई. दोन्ही पंथांचे अनुयायी आपापल्या मताविषयीं इतके निःशंक असतात कीं, द्वैती आणि अद्वैती यांनीं त्यांच्याकडून धडे घ्यावे.

श्रावणांतल्या एका शनिवारीं सकाळच्या लोकलनें आम्ही पुणें सोडलें. मंडळी सात : दादा व थोरल्या वहिनी, धाकटे व धाकट्या वहिनी, आम्ही उभयतां, आणि दादांची अकरा वर्षांची नात. दादा वर्तमानपत्र उघडून एका खिडकीशीं बसले. धाकट्यांनीं समोरची खिडकी टाळून पलीकडली धरली. देहूरोडपर्यंत डब्यांत आमच्या मंडळीपैकीं फक्त डबेच वाजत होते. कोंडी फोडली ती नातीनें. तिनें कानांतलीं बोंडें काढलीं आणि धाकट्यांना विचारलें, “धाकटे आजोबा, हॉटेल कॅलिफोर्निया खरंच कुठं आहे का?”

या प्रश्नानें आमचे धाकटे बंधू पन्नास वर्षांनीं तरुण झाले. ‘ईगल्स’ नांवाच्या अमेरिकन मेळ्याचें हें गाणें १९७६ च्या अखेरीस निघालें. धाकटे तेव्हां वसतिगृहांत होते. गाण्यांतला वाटसरू रात्रीं एका हॉटेलांत शिरतो आणि त्याला तेथून बाहेर पडतां येत नाहीं, इतकें सर्वांना कळे. पुढें एकेका खोलींत एकेक भाष्यकार. कोणी म्हणे तें वेड्यांचें इस्पितळ, कोणी म्हणे मादक द्रव्यांचें व्यसन, कोणी म्हणे तेथें सैतानाची पूजा चाले. “पुढें त्यांच्यातल्याच डॉन हेन्लीनें सांगून टाकलें,” धाकटे म्हणाले, “कीं हा निरागसपणाकडून अनुभवाकडे झालेला प्रवास आहे. झालें! इतकें साधें असेल तर आम्हीं रात्री कशाला जागवल्या?”

मग त्यांनीं दुसऱ्या एका अमेरिकन गायकाची गोष्ट सांगितली. डॉन मॅक्लीन याचें ‘अमेरिकन पाय’ हें लांबलचक गाणें १९७१ सालचें. त्यांतील विदूषक कोण, राजा कोण, यावर तिकडे रान उठलें. मॅक्लीनला कोणी अर्थ विचारला तर तो म्हणे, याचा अर्थ एवढाच कीं मला पुन्हां कधीं नोकरी करावी लागणार नाहीं. त्या गाण्याचे हस्तलिखित कागद २०१५ सालीं लिलावांत बारा लाख डॉलरांस गेले.

“शहाणा दिसतो,” वर्तमानपत्रामागून आवाज आला.

वर्षभरांत धाकट्यांच्या बोलण्यावर दादांनीं दिलेलें हें पहिलेंच उत्तर. थोरल्या वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें आणि शंकरपाळ्यांचा डबा उघडला.

तळेगांव मागें पडलें आणि मावळ सुरू झालें. ज्यांनीं हा प्रदेश केवळ द्रुतगति मार्गावरून, मोटारीच्या कांचेंतून पाहिला असेल, त्यांनीं तो एकदां लोकलच्या दारांतून पाहावा. दोन्हीं बाजूंस भाताचीं खाचरें, गुडघाभर पाण्यांत वांकलेल्या बाया, आणि कामशेत ओलांडतांच दोन्हींकडून जवळ येणारे डोंगर. पुण्यास वर्षाकांठीं ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, लोणावळ्यास ४,००० च्याहि पुढें, आणि मध्यें लोहमार्गाचें अंतर अवघें ६४ किलोमीटर. या ओलाव्यावरच येथला तांदूळ पोसला आहे. आज पुण्याच्या घराघरांत शिजणारा ‘इंद्रायणी’ तांदूळ वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं बाहेर पडला, हें तो जेवणारांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें. आमच्या धाकट्या वहिनींना ठाऊक होतें, आणि त्यांनीं तें सर्व डब्याला ऐकूं जाईल अशा स्वरांत सांगितलें.

लोणावळ्यास उतरलों तों पाऊस आडवा होता. मंडळी पुलाकडे धांवली. दादा तेवढे फलाटावर मुंबईकडील टोंकाला छत्री न उघडतां उभे राहिले. आम्ही परतून त्यांच्याजवळ गेलों. ते रुळांकडे पाहत म्हणाले, “कॉलेजांत असतांना एकदां येथें कोणाला गाडीवर पोंचवावयास आलों होतों. असाच पाऊस होता.” कोणाला, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. घरांत पन्नास वर्षें एकत्र राहूनहि भावाची एखादी खोली आपण उघडलेली नसते. आम्हीं छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि पुलाकडे चालूं लागलों.

तुंगार्लीच्या बाजूस एका स्नेह्यांच्या बंगल्यांत उतरण्याची सोय होती. दुपारीं पाऊस उघडला तेव्हां कुरवंड्यास निघालों. नागफणीच्या सुळक्याच्या पाठीशीं हें गांव आहे आणि इंद्रायणीचा उगम येथें मानतात. देहू आणि आळंदी या दोन नांवांनीं जी नदी महाराष्ट्राच्या जिभेवर बसली, जी पुढें तुळापुरास भीमेला मिळते, तिचें मूळ पाहावें अशी धाकट्यांची जुनी इच्छा. त्यांचा पंथच उगमाचा. ग्रेस यांच्या सबंध लेखनांत आई किती ठिकाणीं येते, याचीं टिपणें त्यांनीं वहींत करून ठेवलीं आहेत. ती वही या सहलींतहि बरोबर होती.

गांवाबाहेर एका गृहस्थांना उगम विचारला. त्यांनीं उजवीकडे हात केला. थोडें पुढें गुरें राखणाऱ्या मुलाला विचारलें, त्यानें डावीकडे. पाणी तर सगळीकडूनच येत होतें : बांधावरून, पायवाटेवरून, आमच्या जोड्यांतून. धाकटे एका ओहोळाजवळ थांबले आणि हाच उगम असें ठरवून त्यांनीं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलें. दादा वरच्या दगडावर उभे होते.

“एवढ्या लांब येऊन काय मिळवलेंस?” ते म्हणाले. आतां मध्यें आम्ही नव्हतों. प्रश्न थेट होता. “कुरवंड्यास इंद्रायणींत आंघोळीला कोणी येत नाहीं. लोक जातात देहूस, आळंदीस. नदी काय आहे तें खालीं ठरतें. कवीचें चरित्र म्हणजे हें असें चिखलाचें पाणी. गाणें शब्दांत पाहावें. पाऊस आहे, वियोग आहे, स्मृति आहे. मेघदूतापासून हा विप्रलंभ शृंगाराचा संसार ठरलेला आहे.”

“विप्रलंभांत पुन्हां भेटीची आशा असते, असें तूंच मला शाळेंत असतांना शिकवलेंस,” धाकटे म्हणाले. “या गाण्यांत ती कोठें आहे? जी परत येणारच नाहीं तिच्यासाठीं रडणें, त्याला काय म्हणतात?”

“करुण,” दादा म्हणाले. शिक्षकाला उत्तर ठाऊक असलें कीं तो तें दिल्याशिवाय राहत नाहीं, मग तें आपल्याविरुद्ध कां असेना. भवभूतीनें तर सगळे रस एका करुणाचींच रूपें मानलीं, हें आम्हांलाहि आठवलें होतें. पण आम्हीं तोंड मिटून ठेवलें.

धाकटे ओहोळांतून वर आले. “आणि नदी खालीं ठरते म्हणतोस ना? मग माझ्या देहूला मला आई दिसली, तर तुझें काय गेलें?”

दादांनीं उत्तर दिलें नाहीं. परततांना ते पुढें पुढें चालत होते. फलाटावरचें ते वाक्य आम्हांला ठाऊक नसतें, तर आम्हींहि त्यांना हट्टी म्हटलें असतें. त्या गाण्यांत त्यांना आजवर जी दिसत आली ती आई नसेल, तर आईच्या तसबिरीपुढें तें गाणें ऐकतांना त्यांना काय वाटलें असेल, याचा विचार वर्षभरांत आम्हीं कोणीं केलाच नव्हता. सोंवळ्याचा प्रश्न म्हणून आम्हीं तो सोडून दिला होता.

रात्रीं पावसानें पुन्हां धरलें. वीज गेली. ओसरीवर मेणबत्तीच्या उजेडांत नातीनें ‘ये रे घना’ म्हटलें आणि सर्वांनीं साथ दिली. आरती प्रभु, म्हणजे चिंतामणि त्र्यंबक खानोलकर, १९७६ सालीं वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं गेले. आशाबाईंनीं गाइलेलें त्यांचें हें गीत आज शाळेच्या पावसाळी संमेलनांतहि ऐकूं येतें. पण तें नुसतें पावसाचें गाणें आहे असें कोणीं म्हणावें? मेघाला बोलावतां बोलावतां तो कवि त्याला भितोहि. धाकट्या वहिनींचें म्हणणें पडलें कीं, हा मेघ म्हणजे कीर्ति. थोरल्या वहिनी म्हणाल्या, मेघ म्हणजे मेघ, आणि छप्पर गळत आहे, बादली लावा. बादली लावली. एरवीं असा विषय निघतांच दोघे बंधू एकमेकांवर तुटून पडते. त्या रात्रीं दोघेहि टपटप ऐकत बसले होते.

दुसरे दिवशीं स्नेह्यांनीं गाडी दिली. प्रथम कार्लें. पायऱ्या चढतांना दादांना दम लागला आणि धाकट्यांनीं न बोलतां त्यांच्या हातांतली पिशवी घेतली. एकवीरेच्या दर्शनाला कोंकणपट्टीवरून आलेल्या कोळी मंडळींची रांग खालपर्यंत होती. ‘आई माउलीचा उदो’ चालला होता. देवीच्या देवळाला खेटूनच तें प्रचंड चैत्यगृह. खडकांत कोरलेल्या चैत्यगृहांत भारतांत याहून मोठें नाहीं. लांबी सुमारें १२४ फूट, आणि छताच्या कमानींस लांकडाच्या फासळ्या. एका लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें या शैलगृहाची थोरवी सांगितली आहे. जंबुद्वीपांत हें सर्वोत्तम, असा त्याचा दावा. जाहिरातीची कला आपण समजतों तितकी अर्वाचीन नाहीं.

दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या आहेत. भरदार शरीरें, अंगभर अलंकार, आणि मुखावर प्रसन्नता. त्या कोणाच्या? कोणी विद्वान् त्यांस लेणें खोदविणारे दाते म्हणतात, कोणी नुसतीं मंगल मिथुनें म्हणतात. खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत. दादांनीं दोन्हीं पक्ष समजावून सांगितले. थोरल्या वहिनींनीं पदरानें कपाळ टिपलें. “कोणी का असेनात,” त्या म्हणाल्या, “दोन हजार वर्षं एकमेकांशेजारीं उभीं आहेत ना?” दादा त्यांच्याकडे पाहत राहिले.

तिसऱ्या प्रहरीं तळेगांवावरून इंदोरीमार्गें भंडाऱ्यास गेलों. हा डोंगर तुकोबांच्या एकांताचा. पायथ्याच्या बाजूस सुदुंबरें, जेथें संताजी जगनाडे यांची समाधि आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा हा तेली. गाथा इंद्रायणींत बुडविली आणि तेरा दिवसांनीं ती कोरडी वर आली, ही कथा देहूची. पण आम्हांला दर वेळीं वाटतें कीं, पाण्याशिवाय आणखी एका ठिकाणीं ती गाथा सुरक्षित होती, आणि तें ठिकाण म्हणजे संताजींचें दफ्तर आणि आसपासच्या गांवांतील माणसांची जीभ.

डोंगरावर वारा इतका कीं छत्री उघडण्याची सोय नाहीं. देवळांत दहा-बारा वारकऱ्यांचें भजन चाललें होतें. भात लावून मोकळी झालेली मंडळी. पखवाज, टाळ, आणि एका म्हाताऱ्या बुवांच्या गळ्यांत वीणा. त्यांनीं ज्ञानदेवांची एक विरहिणी धरली. या विरहिण्या लताबाईंच्या रेकॉर्डीवरून आमच्या पिढीच्या घरांत आल्या. कृष्णाची वाट पाहणाऱ्या स्त्रीचें सोंग घेऊन ज्ञानदेव त्यांत बोलतात. बुवांची चाल हृदयनाथांची नव्हती. ती खडबडीत होती, आणि आम्हांला तरी त्या वाऱ्यांत तीच बरी वाटली.

भजन थांबलें. चहा आला. नात बुवांच्या पुढ्यांत जाऊन बसली आणि तिनें विचारलें, “यातली बाई कोण?”

“ज्ञानोबा माउली,” बुवा म्हणाले.

“माउली म्हणजे आई ना?”

“आईच की.”

“मग ती वाट कुणाची बघते?”

“विठाईची.”

नातीनें थोडा विचार केला. “म्हणजे आईच आईची वाट बघते? पण आजोबा म्हणतात, ती त्याची बायको असते.”

बुवा मोठ्यानें हंसले. पुढचे दोन दांत नव्हते. “तसं बी हाय, पोरी. आमच्यात कांट्याच्या टोंकावर गांवं बसवणारं ज्ञानोबांचं कूट हाय. एक बुवा म्हणतो हे तीन गुण, दुसरा म्हणतो तीन देह. रात्र सरती, अर्थ सरत न्हाई. मी आपला म्हणतो.” आणि मग दादांकडे वळून, “तुम्ही शिकलेले दिसता. तुमचं काय म्हणणं?”

दादांनीं चहाचा कप खालीं ठेवला. मधुरा भक्तीचें लक्षण त्यांना पाठ आहे. नारदाचीं सूत्रेंहि पाठ आहेत. ते म्हणाले, “बुवा, मला चाळीस वर्षं वाटत होतं कीं कळलंय.” बुवांना हें उत्तर पुरलें. त्यांनीं वीणा पुन्हां खांद्यावर घेतली.

गाडी तळेगांव स्टेशनावर सोडून परत गेली तेव्हां अंधार पडला होता. लोकल उशिरा होती. फलाटावरच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता कीं शेजारच्याचें बोलणें ऐकूं येईना. आम्ही सारे एका बांकावर दाटीनें बसलों. दादा आणि धाकटे योगायोगानें शेजारीं आले, कीं वहिनींनीं त्यांना तसें बसविलें, हें आम्हीं पाहिलें नाहीं. थोरल्या वहिनींनीं पिशवींतून स्वेटर काढून दादांच्या मांडीवर ठेवला.

बऱ्याच वेळानें दादा धाकट्यांच्या कानाशीं वांकून म्हणाले, “लाव तें.”

“काय?”

“तें. ऐकायला यायचं नाहीं या पत्र्याखालीं, पण लाव.”

धाकट्यांनीं चष्मा पुसला. मोबाईलवर गाणें शोधावयास त्यांना फार वेळ लागला. बोटें ओलीं होतीं. शेवटीं नातीनें तो त्यांच्या हातून घेतला, गाणें लावलें, आणि कानांतल्या दोन बोंडांपैकीं एक एका आजोबांच्या कानांत घातलें, दुसरें दुसऱ्यांच्या. दोरी आंखूड होती, म्हणून दोघांना डोकीं जवळ आणावीं लागलीं. आम्हांला त्यांतलें कांहींच ऐकूं आलें नाहीं. लोकल फलाटाला लागली तेव्हां वहिनींनीं त्यांना हलवून उठविलें, आणि त्या गडबडींत एक छत्री तळेगांवास राहिली.